मिरचीच्या गावात स्पॅनिशची वही

कारकुनाचा प्रवास तो किती? शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गावी जायचे आणि सोमवारी वेळेवर कचेरीत हजर व्हायचे. गेल्या भाद्रपदात आम्ही असेच जालन्याहून पिंपळगाव रेणुकाईला गेलो. जाताना मनाशी एक ठरवून गेलो होतो, येताना दुसरेच घेऊन आलो. ज्या प्रश्नासाठी गेलो, तो आज आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आमची थोरली ताई पिंपळगावात दिलेली आहे. दाजींची जमीन थोडी, त्यात एक एकर मिरची. भाची भोकरदनला ये-जा करून बी.कॉम. झाली आणि आता म्हणते, पुण्याला जाऊन स्पॅनिश भाषा शिकायची. दाजींचा फोन आला. "मामा, तुम्ही शिकलेले. पोरीला जरा समजावून सांगा. इंग्रजीच धड येईना, अन् ही कुठली भाषा काढली? मिरचीचे दोन पैसे हाती आलेत, ते बोअरला लावावे का हिच्या खुळाला?" आम्ही म्हटले, "येतो आणि समजावतो." म्हणजे निकाल आम्ही गाडीत बसण्याआधीच देऊन टाकला होता.

जालना सोडले की राजूर लागते. गणपतीच्या दर्शनाला आलेली माणसे तिथे उतरतात आणि बसायला जागा मिळते. पुढे भोकरदन. आज तालुक्याचे साधे गाव वाटते, पण हेच जुने भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर ज्या दात्यांची नावे कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनचे दातेही आहेत. इथल्या उत्खननात एक हस्तिदंती मूर्ती मिळाली. इटलीतल्या पॉम्पेई शहरात सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे जवळचे साम्य आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या भागातला माल आणि माणसे कुठवर पोचत होती, याची ती खूण. भोकरदनला गाडी बदलताना हे आठवले, पण त्याचा आमच्या कामाशी काही संबंध असेल असे तेव्हा वाटले नाही.

पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. हंगामात गाडीतून उतरताच पहिला ठसका लागतो. जिकडे पाहावे तिकडे हिरवे ढीग, पोती, वजनकाटे आणि मालाची वाट पाहत उभे असलेले ट्रक. इथली मिरची पार परराज्यात जाते. दाजी पोती घेऊन आले होते, म्हणून आम्ही थेट बाजारातच गेलो. तिथे एक गोष्ट पाहिली. काट्यावरचा विशीतला पोरगा आमच्या दाजींना म्हणाला, "ए, तुझी पोती हिकडं घे." दाजींचे वय पंचावन्न. मागोमाग पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ आले, त्यांना तोच पोरगा म्हणाला, "या शेठ, बसा, चहा घेणार का?" दाजींनी पोती मुकाट्याने सरकवली. आम्हीही काही बोललो नाही. असे बोल आपण इतके ऐकलेले असतात की ते कानावरून जातात.

रात्री जेवणे झाल्यावर विषय निघाला. ताई घरच्यासाठी ठेवलेल्या पिकलेल्या मिरच्या निवडत होती. आम्ही घसा साफ करून उपदेशाला सुरुवात करणार, तोच भाची म्हणाली, "मामा, तुमचं म्हणणं ऐकते. पण आधी माझी वही एकदा पाहा. मग काय सांगायचं ते सांगा." शंभरपानी वही. फोनवरचे धडे ऐकून आणि एका जुन्या पुस्तकावरून तिने सात-आठ महिने टिपणे काढली होती. स्पॅनिश शब्द रोमन लिपीत आणि शेजारी देवनागरीत. रोमन लिपी शिकावीच लागते, पण उच्चार देवनागरीत चांगले बसतात असे ती म्हणाली. म्हणून आम्हीही इथे ते तसेच देतो.

"सुरुवातीला फार रडले," ती सांगू लागली. "सगळे धडे इंग्रजीतून. आधी इंग्रजी समजून घ्या, मग स्पॅनिश. एक दिवस इंग्रजी बाजूला ठेवलं अन् प्रत्येक वाक्य मराठीशी ताडून पाहिलं. तेव्हा कळलं की निम्मं तर आपल्याला येतंच."

आम्हाला हे बढाईचे वाटले. मग तिने एकेक पान उलटले.

पहिले पान उच्चारांचे. स्पॅनिश बहुतेक लिहिल्याप्रमाणे वाचतात. मूळ स्वर पाच, आ, ए, इ, ओ, उ. इंग्रजीत एकाच अक्षराचे चार उच्चार, तशी फसवणूक नाही. त्यांचे 'टी' आणि 'डी' म्हणजे आपले त आणि द. जीभ दाताला लागते, टाळूला नाही. 'एच' लिहितात पण उच्चारत नाहीत. 'व्ही'चा उच्चार ब कडे झुकतो. 'जे' म्हणजे घशातला ह. "म्हणजे मामा, आपल्या जालन्याची रोमन पाटी तिकडचा माणूस वाचेल हाल्ना!" ताई खुदकन हसली.

दुसरे पान लिंग-वचनाचे. इंग्रजी शिकताना टेबलाला लिंग नसते हे आपण शिकतो. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखे प्रत्येक नामाला लिंग आहे. मात्र लिंगे दोनच, आपले नपुंसकलिंग तिथे नाही. पुल्लिंगी नामाआधी 'एल' आणि स्त्रीलिंगीआधी 'ला' लागते, अनेकवचनी 'लोस' आणि 'लास'. विशेषणही नामाप्रमाणे बदलते. नवा वाडा, नवी खोली म्हणतो तसे 'लिब्रो नुएबो' म्हणजे नवे पुस्तक आणि 'कासा नुएबा' म्हणजे नवे घर. अनेकवचनी 'लिब्रोस नुएबोस', 'कासास नुएबास'. विशेषण बहुधा नामाच्या मागून येते, तेवढे लक्षात ठेवायचे. पुष्कळ पुल्लिंगी नामांच्या शेवटी ओ आणि स्त्रीलिंगींच्या शेवटी आ असतो, पण अपवाद आहेत. 'मानो' म्हणजे हात, आणि तो स्त्रीलिंगी. 'दिआ' म्हणजे दिवस, तो पुल्लिंगी. मिरचीला मेक्सिकोत 'चिले' म्हणतात, तोही पुल्लिंगी. आपली ती मिरची, त्यांचा तो चिले.

तिसरे पान क्रियापदांचे. मूळ रूपाच्या शेवटावरून त्यांचे तीन गट, आर, एर आणि इर. 'आब्लार' म्हणजे बोलणे. त्याची रूपे चालवायची ती अशी: 'आब्लो' मी बोलतो, 'आब्लास' तू बोलतोस, 'आब्ला' तो किंवा ती बोलते, 'आब्लामोस' आम्ही बोलतो, 'आब्लान' ते बोलतात. क्रियापदाच्या शेपटीवरूनच कोण बोलतो ते कळते, म्हणून 'मी' वेगळा म्हणावा लागत नाही. आपणही "येतोस का?" एवढेच विचारतो, 'तू' कुठे म्हणतो? इंग्रजीत मात्र तो म्हणावाच लागतो. शिवाय आपल्याकडे पुरुष 'बोलतो' आणि बाई 'बोलते', तिथे वर्तमानकाळात दोघांनाही 'आब्लो'च. तेवढे ओझे कमी.

चौथ्या पानावर आम्ही थबकलो. 'मे गुस्ता एल चिले' म्हणजे मला मिरची आवडते. इंग्रजीत "मी आवडवतो" अशा थाटाची रचना आहे, म्हणून इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास अडखळतात. मराठीत 'मला', स्पॅनिशमध्ये 'मे'. मिरच्या अनेक झाल्या की आपण 'आवडतात' म्हणतो, ते 'मे गुस्तान लोस चिलेस' म्हणतात. आवडणारी वस्तू कर्ता, आणि क्रियापद तिच्याप्रमाणे चालते. त्याच पानावर आणखी एक. आपण "पुस्तक पाहतो" म्हणतो, पण "भावाला पाहतो" म्हणतो. निर्जीवाला 'ला' नाही, माणसाला आहे. स्पॅनिशमध्येही 'बेओ एल लिब्रो' म्हणजे पुस्तक पाहतो आणि 'बेओ आ मि एर्मानो' म्हणजे माझ्या भावाला पाहतो. तो मधला 'आ' म्हणजे आपला 'ला'. माणूस ही वस्तू नव्हे, एवढे दोन्ही भाषांचे व्याकरण जाणते.

"सगळंच आपल्यासारखं असेल तर मग शिकायचं काय?" दाजी पहिल्यांदाच बोलले. ते भिंतीला टेकून ऐकत होते हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

"अवघड आहे ना, अण्णा," ती म्हणाली. "आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं मधे. आपण घरात म्हणतो, ते 'एन कासा', म्हणजे 'मधे घर' म्हणतात. अन् 'आहे'साठी त्यांच्याकडं दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. ते कळायला मला दोन महिने लागले. शेवटी मिरचीनंच शिकवलं."

मिरचीने शिकवले ते असे. 'एल चिले एस बेर्दे' म्हणजे ही मिरची हिरवी आहे, तिचा रंगच हिरवा. 'एल चिले एस्ता बेर्दे' म्हणजे ती अजून कच्ची आहे, पिकायची आहे. दोन्ही वाक्यांत हिरवी म्हणजे 'बेर्दे' हाच शब्द, फरक फक्त 'आहे'चा. वस्तू मुळात कशी आहे ते सेर सांगते, सध्या कोणत्या अवस्थेत आहे ते एस्तार सांगते. पुस्तकात लिहितात, कायमचे ते सेर आणि तात्पुरते ते एस्तार. पण हा नियम अपुरा आहे. जालना काही उठून चालत नाही, तरी ते कुठे आहे हे सांगताना एस्तारच वापरतात. माणूस कुठला हे सांगताना मात्र सेर. 'सोय दे हाल्ना' म्हणजे मी जालन्याची. आणखी एक जोडी तिने सांगितली. 'सोय लिस्ता' म्हणजे मी हुशार आहे, 'एस्तोय लिस्ता' म्हणजे मी तयार आहे. मुलगा असेल तर 'लिस्तो'.

शेवटचे पान सर्वनामांचे. स्पॅनिशमध्ये तू ला 'तू'च म्हणतात. आदरार्थी शब्द 'उस्तेद'. हा शब्द कसा झाला ते ऐकण्यासारखे आहे. पूर्वी थोरामोठ्यांना 'बुएस्त्रा मेर्सेद' म्हणजे आपली कृपा, आपले औदार्य असे संबोधीत. झिजून झिजून त्याचे उस्तेद झाले. म्हणून त्याचे क्रियापद आजही 'तो'प्रमाणे चालते, आपण "साहेब चहा घेणार का?" असे तोंडावर विचारतो तसे. एकेकाळी जो शब्द फक्त वरच्यांसाठी होता, तो आज दुकानदार गिऱ्हाइकाला आणि गिऱ्हाईक दुकानदाराला म्हणतो, अनोळखी माणूस अनोळखी माणसाला म्हणतो. कोलंबियाच्या काही भागांत तर घरातली माणसेही एकमेकांना उस्तेद म्हणतात. अनेकवचनी लॅटिन अमेरिकेत 'उस्तेदेस' हे एकच रूप चालते, तिथे लहानथोर भेद उरतच नाही. स्पेनमध्ये जवळच्यांसाठी वेगळे रूप आहे.

दाजींनी विचारले, "मंग काट्यावरचा पोरगा तिकडं मला काय म्हणंल?"

"उस्तेद म्हणायला पाहिजे, अण्णा."

"अन् शेठला?"

"उस्तेदच."

दाजी काही बोलले नाहीत. दुपारचा प्रसंग आमच्यापुढे उभा राहिला. तिकडे सगळे समान आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. स्पेनच्या राज्यकर्त्यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर केलेले जुलूम जगजाहीर आहेत, आणि भाषाही त्यांच्यावर लादलीच गेली. स्पॅनिशचे पहिले व्याकरण आंतोनियो दे नेब्रिखा या पंडिताने १४९२ साली लिहिले आणि राणी इसाबेलला अर्पण केले. भाषा ही साम्राज्याची सोबतीण असते, अशा अर्थाचे त्याने प्रस्तावनेत म्हटले आहे. त्याच वर्षी कोलंबस अमेरिकेला पोचला. पण लादलेली भाषा लोकांनी आपली केली. आज सुमारे वीस देशांची ती राजभाषा आहे आणि जवळपास पन्नास कोटी लोकांची मातृभाषा.

आणि जी मिरची ताई निवडत होती, तीही मूळची त्याच मुलखातली. कोलंबसाआधी आपल्याकडे मिरची नव्हतीच, तिखट म्हणजे मिरी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती पश्चिम किनाऱ्यावर आणली. मिरीवरून आपण तिला मिरची म्हटले. स्पेनच्या लोकांनीही मिरीला 'पिमिएंता' म्हणतात म्हणून तिला 'पिमिएंतो' म्हटले. एकमेकांना न विचारता दोघांनी एकच युक्ती केली. स्पॅनिशची सख्खी बहीण पोर्तुगीज, तिचे शब्द तर आपण रोज वापरतो. बटाटा, पपई, चावी, बादली, मेज, आणि बाजारातला लिलाव. महिन्याच्या एक तारखेला आम्ही ज्याची वाट पाहतो तो पगारही तिकडचाच. स्पॅनिशमध्ये आजही 'पागार' म्हणजे पैसे देणे. आकडे तर त्याहून जुन्या नात्याचे आहेत. दोस, त्रेस, सेइस, सिएते, ओचो, नुएबे, दिएस. वाचकांनी दोन, तीन, सहा, सात, आठ, नऊ, दहा शेजारी ठेवून पाहावेत. संस्कृत-प्राकृत आणि लॅटिन एकाच भाषाकुळातल्या, त्याचा हा पुरावा.

रात्री अंथरुणावर आम्हाला झोप लागेना. व्याकरण हा शब्द आपल्या घरांत धाक म्हणून आला. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वतःच्या बळावर संस्कृत शिकले. त्यांनी तयार केलेले पाली व्याकरण आणि शब्दकोश शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध केले. राज्यघटनेच्या आणि आंदोलनांच्या कामातून वेळ काढून त्यांनी नामांची आणि क्रियापदांची कोष्टके मांडली. का मांडली? ज्यांना कोणी शिकवणार नाही, त्यांना स्वतः शिकता यावे म्हणून, असे आम्हाला वाटते. आणि सभांतून शिका म्हणून सांगणारे आम्ही, आमच्याच भाचीला "शिकू नको" म्हणायला एस.टी.ने आलो होतो.

सकाळी आम्ही वही मागितली आणि शेवटच्या कोऱ्या पानावर जमाखर्च मांडला. बी.कॉम.चा तेवढा तरी उपयोग. खर्चाच्या बाजूला शुल्क, राहणे, जेवण, आणि बोअर एक वर्ष लांबणार हेही लिहिले. घरचे आकडे इथे छापत नाही. जमेच्या बाजूला नुसते "नोकरी लागेल" असे लिहिले नाही, कारण त्याची हमी कोणी देत नसते. चुलत भाऊ म्हणाला, "आता फोनच भाषांतर करतो, शिकून काय फायदा?" त्याचे म्हणणे खोटे नाही. साधे भाषांतर यंत्राकडे चालले आहे. पण आमच्या कचेरीत संगणक आला तेव्हा बेरजा करणारा कारकून मागे पडला, हिशेब समजणारा टिकला. म्हणून आम्ही तिला सांगितले की भाषा एकटी नको, जोडीला बी.कॉम.चे हिशेबाचे काम पक्के कर. यंत्राने केलेले बरोबर की चूक, हे ओळखणारा माणूस लागतोच.

ठरले ते असे. 'देले' ही स्पॅनिशची जगभर मान्य परीक्षा, तिच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या. पहिल्या पायरीचा अभ्यास तिने घरी राहून सहा महिन्यांत पुरा करायचा. जमले तर पुढल्या वर्षी पुणे. तिथे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात स्पॅनिशचे वर्ग आहेत, खासगी वर्गाच्या मोठ्या शुल्कात पडायचे कारण नाही. त्याहून पुढे जायचे असेल तर हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ आणि दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ इथे पदव्या मिळतात. दिल्लीत स्पेन सरकारची सर्वांतेस संस्थाही २००९ पासून आहे. पहिल्या वर्षाचा निम्मा खर्च आमच्याकडे, निम्मा दाजींकडे. दाजींनी कागद दोनदा वाचून घेतला. म्हणाले, "सहा महिने. तवर बोअरचं बी बोलणं नको अन् लग्नाचं बी नको." ताईने हातातले सूप खाली ठेवले आणि चहा टाकायला उठली.

दुपारच्या गाडीला दाजी आणि भाची पोचवायला आले. वाटेत बाजार लागला. काट्यावरचा तो पोरगा तिथेच होता. दाजी थांबले आणि त्याला म्हणाले, "काय राव, तुम्ही जेवलात का?" पोरगा गोंधळला. मग म्हणाला, "जेवलो की, अण्णा. तुम्ही?" दाजींनी उत्तर दिले आणि पुढे निघाले. उद्या तो पुन्हा "ए" म्हणेलही, एका दिवसात असे काही बदलत नाही.

गाडी लागली. खिडकीतून आम्ही भाचीला विचारले, "मग, सोय लिस्ता की एस्तोय लिस्ता?"

"सध्या सोय म्हणत नाही, मामा," ती म्हणाली. "एस्तोय म्हणते."

वाचकहो, आपल्याही घरात एखादे मूल वही घेऊन बसले असेल, जपानी, जर्मन, पाली, कोणतीही. त्याला नकार देण्याआधी एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसा आणि वही पाहा. आम्ही ती न पाहताच निकाल देणार होतो.